फैलातली पोरे आणि आपली शाळा

वऱ्हाडात ‘फैल’ म्हणजे वस्ती. पुण्यामुंबईकडच्या वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. अकोल्यात अकोट फैल आहे आणि तिथे परीक्षेत पास झालेली माणसेही राहतात. या विनोदाला आता कोणी हसत नाही. पण प्रवेश-अर्जावर पत्त्याच्या रकान्यात ‘फैल’ लिहिले की खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या कपाळावर जी आठी उमटते, ती मात्र अजून ताजी आहे. हा लेख त्या आठीविषयी आहे. दिवाळीच्या अंकात, चकली-अनारशांच्या संगतीत असला विषय काढणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु आजीपासून नातवापर्यंत सगळे घर वाचते असा अंक वर्षातून एकदाच निघतो, आणि पोराला कोणत्या शाळेत घालायचे याचा खल फराळाच्या याच बैठकीत चालतो. तेव्हा जागा चुकली, असे मला तरी वाटत नाही.

हा खल कसा चालतो? निकाल विचारतात, फी विचारतात, बस आपल्या गल्लीपर्यंत येते का तेही विचारतात. आणि मग आवाज किंचित खाली आणून विचारतात, “पण तिथं मुलं कशी येतात हो?” या ‘कशी’ची करामत पाहण्यासारखी आहे. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, बापाचा धंदा विचारला नाही. तरी तिन्ही विचारून झाले, आणि विचारणाऱ्याच्या सुसंस्कृतपणाला ओरखडाही पडला नाही!

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विनाअनुदानित खासगी शाळांनी आपल्या पहिल्या वर्गातल्या निदान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, त्यांचा खर्च सरकारने भरून द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. तिच्याविरुद्ध शाळाचालक दिल्लीपर्यंत गेले. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून, ती ग्राह्य ठरविली. एवढ्यावर हा तंटा मिटायला हवा होता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियमच बदलला: खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने ही मुले घेण्याचे कारण नाही. अमरावती-अकोल्यासारख्या शहरात अशी शाळा जवळपास नाही अशी खासगी शाळा शोधायला कंदील घेऊन निघावे लागेल! म्हणजे कायदा कागदावर जिवंत आणि गावात मेलेला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या नियमाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला.

नियम गेला. तो ज्या मनातून निघाला, ते मन रद्द करण्याचा अधिकार मात्र कोणत्याही न्यायालयाला नाही. “त्यांच्यासाठी त्यांची शाळा आहे ना जवळ?” हे वाक्य मी वकिलांच्या तोंडून ऐकले आहे, डॉक्टरांच्या ऐकले आहे, आणि ज्यांची स्वतःची पाटी-पेन्सिल जिल्हा परिषदेच्या शाळेत झिजली, अशा निवृत्त मास्तरांच्या तोंडूनही ऐकले आहे. पूर्वी ‘त्यांची’ विहीर वेगळी होती, पाणवठा वेगळा होता. तेव्हाही म्हणत असत, पाणी आहे ना त्यांना? पाण्याबद्दल वाद नव्हताच.

आता आक्षेपांकडे वळू. ‘दर्जा घसरतो’ हा पहिला. सहा वर्षांचे पोर दर्जा घसरवते, असे म्हणणाऱ्या शाळेचा दर्जा होता तरी केवढा? दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यात खोटे काही नाही: सरकार प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर देत नाही, थकबाकी वर्षानुवर्षे साचते. शाळाचालकांनी त्यासाठी जरूर भांडावे, मीही त्यांच्या बाजूने लिहीन. पण उधारी सरकारची आणि तारण मात्र धुणेभांडी करणाऱ्या बाईचे पोर, हा सावकारी हिशेब आम्हाला मान्य नाही.

तिसरा आक्षेप दयाळूपणाचा बुरखा घेऊन येतो. “त्या बिचाऱ्यांनाच आमच्या मुलांत संकोच वाटतो हो!” वाटत असेल. संकोच पोर जन्माला येताना बरोबर आणत नाही. डब्यात डोकावणाऱ्या नजरा, वाढदिवसाला घरोघरी गेलेली आणि त्याच्याच घरी न पोचलेली आमंत्रणे, सहलीची वर्गणी चारचौघांत पुकारणे, यांतून तो त्याला शिकविला जातो. हा अभ्यासक्रम आपण मोठ्यांनी तयार केला आहे.

सर्वांना एका पंगतीत बसविणे हे परक्यांकडून आलेले खूळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी अमरावतीचे १९२७ साल आठवावे. त्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या देवळाचा; ते अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी. वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून विलायतेहून नुकतेच परतलेले पापळचे पंजाबराव देशमुख या चळवळीत उभे होते. वेद वाचून आलेला माणूस देवळाचे दार उघडा म्हणतो, याचा पुष्कळांना तेव्हा राग आला असणार! त्याच सुमारास पंजाबरावांनी श्रद्धानंद छात्रालय चालविले, आणि त्यात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली होती. त्या काळी ती काढावी लागली, कारण मुलांना दुसरीकडे कोणी दारात उभे करीत नव्हते. वऱ्हाडात पंजाबरावांनी पुढचे पाऊल टाकले. आज त्यांची तसबीर शाळाशाळांत आहे, २७ डिसेंबरला तिला हार पडतो, आणि हार घालणारेच हात जूनमध्ये अर्जावरचा पत्ता न्याहाळतात.

आणि वेगळी शाळा काढूनही ‘त्यांना’ सुखाने शिकू देतो म्हणावे, तर तेही नाही. फासेपारधी समाजाला इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगारांच्या यादीत घातले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पहिली धाड आजही पारधी बेड्यावर पडते. त्याच समाजातल्या मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि भीक मागणारी पोरे गोळा करून अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला शाळा काढली. नाव ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ मध्ये समृद्धी महामार्ग त्या शाळेच्या अंगावरून गेला आणि वर्गखोल्या, वाचनालय पाडले गेले. समृद्धीला वाट हवी होती, ती नेमकी तिथूनच! घरदार नसलेल्या मुलांना निवासी शाळा लागते, हे मी नाकारीत नाही. पण ती शाळा आहे म्हणून शहरातल्या शाळेने आपले फाटक लावून घ्यावे, हे मी नाकारतो.

फाटकाच्या आतही एक फाटक असते. २५ टक्क्यांतली मुले घेतली खरी, पण त्यांची तुकडीच निराळी. स्नेहसंमेलनात त्यांना शेवटच्या रांगेतले झाड व्हायचे. कुठे त्यांची वेळही दुपारची. कायदा विचारतो, प्रवेश दिला का? दिला. पुढचे विचारणारे कोणी नसते.

ते तुम्ही विचारू शकता. यंदा शाळा पाहायला जाल तेव्हा निकालाचा तक्ता मागाच, पण आणखी एक गोष्ट मागा: २५ टक्क्यांतली मुले कोणत्या तुकडीत, कोणाच्या शेजारी बसतात ते दाखवा म्हणावे. मुख्याध्यापक क्षणभर गोंधळतील. गोंधळू द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.