विश्लेषण : स्टेरॉइड घेतल्यावर पेशींचे शस्त्र का थंडावते?

डेक्सामेथासोनची पट्टी मेडिकलमध्ये अनेकदा चिठ्ठीशिवाय मिळते, ही तक्रार जुनीच. ती गोळी शरीरात नेमके काय थांबवते, यावर मात्र क्वचितच बोलले जाते.

मॅक्रोफेज या भक्षक पेशींना जंतूंची चाहूल लागली की त्या ‘आयएनओएस’ नावाचे विकर तयार करतात. ते एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. हा वायू जंतूंना मारक ठरतो. डेक्सामेथासोन या विकराची निर्मितीच रोखते. आधीच तयार झालेल्या विकराला ते थेट अडवत नाही. सायक्लोस्पोरिननेही प्रयोगशाळेत मॅक्रोफेजमधील नायट्रिक ऑक्साइड घटते. हे विकर नसलेले उंदीर क्षयाला लवकर बळी पडतात, असे १९९७ मध्ये दिसले. माणसात चित्र इतके सरळ नाही, पण स्टेरॉइडमुळे सुप्त क्षय उफाळू शकतो, हे डॉक्टर जाणतात.

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्याला अशी औषधे टाळता येत नाहीत. त्याची क्षयाची तपासणी आधी होते. गुडघेदुखीवर काउंटरवरून गोळी नेणाऱ्याची कोण करणार? आणि महिनोन्‌महिने घेतलेली गोळी घाबरून एकदम सोडणेही धोक्याचे. मात्रा डॉक्टरांकडूनच टप्प्याटप्प्याने कमी करून घ्यावी लागते.