ताप उतरला, पण मूल जागं आहे का?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, घर सोडतात. धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर माथा टेकवून निघालेली कुटुंबंही त्यांत असतात, आणि त्यांच्यासोबत तान्ही लेकरं. पुढचे चार-पाच महिने फडाच्या कडेला कोपीत काढायचे. तिथं लेकराला ताप आला तर पहिली पारख आईच करते. कपाळाला हात लावते, तापाची गोळी देते, अंग गार झालं की निश्चिंत होते. मेंदूज्वर नेमका इथंच फसवतो. गोळीनं ताप उतरतो, पण मेंदूच्या आवरणाची सूज वाढतच राहते. म्हणून ताप किती चढला यापेक्षा मूल कसं वागतंय, हे आधी पाहायला हवं.

जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात सहातला एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी कित्येकांना बहिरेपण येतं, झटके मागे लागतात. काही तासांत होत्याचं नव्हतं होऊ शकतं. खुणा मात्र घरच्यांनाच आधी दिसतात. तापासोबत जोराचं डोकं दुखणं, वरचेवर उलट्या, उजेड सहन न होणं, आणि हनुवटी छातीला टेकव म्हटलं तर मान न वाकणं. तान्ह्या बाळाची मान ताठेलच असं नाही. त्याची टाळू फुगते, ते अंगावर प्यायचं सोडतं, लुळं पडून राहतं. एरवी रडणारं बाळ मांडीवर घेतलं की शांत होतं. मेंदूज्वराचं बाळ उचललं की जास्तच कळवळतं. अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर त्यावर काचेचा पेला दाबावा. दाबूनही ठिपके पुसट झाले नाहीत तर क्षणभरही थांबू नये. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू पाहावी. पण ठिपक्यांची वाट पाहत बसू नये, ते पुष्कळांना येतच नाहीत. क्षयाचा मेंदूज्वर तर आठवडा-दोन आठवडे दबकत येतो: बारीक ताप, किरकिर, पेंगुळलेपण. तो ओळखणं सर्वांत अवघड.

अशानं प्रत्येक तापाला लोक घाबरून दवाखान्यात गर्दी करतील, असं कोणी म्हणेल. पण तसं नाही: तापात पाणी पिणारं, हाकेला ओ देणारं मूल घरी सांभाळता येतं. जे नीट जागं होत नाही, ज्याला झटका आला, ज्याची मान वाकत नाही, ते घरी ठेवायचं नाही. झटक्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. मुलाला कुशीवर वळवावं आणि १०८ ला फोन लावावा. दुसरी अडचण खरी आहे. खाडा पडला की पैसे कापले जातात, आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते. त्यामुळे झालेल्या उशिराचा दोष आईबापांवर ढकलणं अन्यायाचं आहे. आजारी लेकरासाठी गाडी देणं आणि त्या दिवसाचा खाडा न धरणं, ही मुकादमाची आणि कारखान्याची जबाबदारी ठरायला हवी.

सगळ्यांत घातक भीती दवाखान्यात पोचल्यावर आडवी येते: पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. ही भीती खोटी आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. ते पाणी तपासलं म्हणजे जंतू कुठला आणि औषध कोणतं, हे ठरवता येतं. लुळेपण आलंच तर ते आजारानं येतं, आणि संमतीची सही द्यायला केलेला उशीर त्याला वाव देतो.

कोयते निघण्याआधी गडावर माणसं जमतात, कीर्तनं होतात. तिथं या चार खुणा सांगायला पाच मिनिटं पुरतात. गावच्या आशाताईंनी त्याच सुमारास मेंदूज्वरापासून वाचवणाऱ्या लसींसाठी कार्ड पाहावं: जन्मल्यावर बीसीजी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, शिवाय न्यूमोकोकलचे डोस. १४ आठवड्यांचा डोस फडावर असताना येणार असेल, तर कार्ड भांड्यांच्या गाठोड्यात नको, आईच्या पिशवीत हवं.