आधीं परीक्षा, मग दुरुस्ती

हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत मोठी चारचाकी गाडी, जिला सर्वत्र एसयूव्ही म्हणतात, ती उभी असलेली दिसते. ती केवळ मिरविण्यासाठीं नसते. बियाण्याच्या पिशव्या, दुधाचे कॅन, बाजारास जाणारीं माणसें आणि वेळप्रसंगीं तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचा रोगी, हा सर्व भार तीच वाहते. म्हणून तिची नादुरुस्ती हा चैनीचा प्रश्न नसून संसाराच्या हिशेबाचा प्रश्न आहे, असें आम्ही समजतो. या गाडीचीं दोन दुखणीं मात्र अशीं आहेत कीं, त्यांपायीं पैसा जातो, पण दुखणें जात नाहीं. एक, एसीनें थंड हवा न देणें. आणि दुसरें, विजेच्या स्विचांनीं काम न करणें.

एसी गार करीत नाहीं म्हणतांच ‘गॅस संपला’ असें उत्तर मिळतें, आणि स्विच चालत नाहीं म्हणतांच ‘स्विच बदला’ असा सल्ला मिळतो. आमच्या मतें हें निदान नव्हे, हा केवळ अंदाज आहे; आणि चुकलेल्या अंदाजाचें मोल गाडीच्या मालकानें देऊं नये. पान पिवळें पडलें म्हणून डोळे मिटून युरिया टाकणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे कीं कोवळ्या, नत्र कमी आहे कीं लोह, कीं पाणी सांचून मुळें कुजलीं, हें जाणता शेतकरी आधीं पाहतो. पिकाच्या बाबतींत जो विवेक आपण नित्य वापरतों, तो गाडीच्या बाबतींत कां सोडावा?

प्रथम एसीचा विचार करूं. त्यांतील गॅस हा डिझेलसारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. बंद नळ्यांतून तो त्याच त्या फेऱ्या घालीत असतो. कॉम्प्रेसर त्यास दाबतो. गाडीच्या पुढच्या जाळीआड असलेल्या कंडेन्सरमध्यें तो आपली उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडांतून सुटतांच त्याचा दाब उतरतो. आणि डॅशबोर्डाच्या आंतील कूलिंग कॉइलमध्यें पुन्हां वायुरूप होतांना तो ब्लोअरच्या हवेंतील उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्या व सांधे यांतून अनेक वर्षांत थोडा गॅस झिरपणें स्वाभाविक आहे. परंतु दर उन्हाळ्यांत गॅस भरावा लागत असेल, तर कोठें तरी गळती आहे हें निश्चित. आणि ती न शोधतां भरलेला गॅस म्हणजे फुटक्या पाटांत सोडलेलें पाणी होय.

कोणतेंही हत्यार हातीं न घेतां मालकास बरेंच पाहतां येतें. ब्लोअरची हवा जोरानें येते कीं मंद? हवा मंद पण गार असेल, तर दोष बहुधा गॅसचा नसून धुळीनें भरलेल्या केबिन फिल्टरचा असतो. एसीचें बटण दाबतांच कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ असा आवाज होतो काय? (कांहीं नव्या गाड्यांत क्लच नसतो, हें ध्यानांत असावें.) गाडी पळतांना गार हवा येते आणि उभी राहतांच ती कोमट होते काय? तसें असल्यास कंडेन्सरचा पंखा आधीं पाहावा. मळणीच्या दिवसांत शेतरस्त्यानें फिरणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर भुसकट व माती यांचा थर बसतो. तो पाण्याच्या हलक्या धारेनें धुतल्यानेंच कित्येकदां काम भागतें.

यापुढील परीक्षा दोन घड्याळांच्या प्रेशर गेजनें करावयाची असते. आर-१३४ए हा गॅस असलेल्या गाडींत, इंजिन बंद असतां व हवा ३० अंश सेल्सिअस असतां, दोन्ही बाजूंस दर चौरस इंचास सुमारें ९५ पौंड दाब दिसतो. परंतु तेवढ्यावरून गॅस पुरेसा आहे असें ठरत नाहीं. कारण आंत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब तोच राहतो. म्हणून एसी चालू ठेवूनच खरी परीक्षा होते. दोन्ही दाब उतरलेले असतील तर गॅस कमी असण्याचा संभव. खालचा दाब चढलेला व वरचा उतरलेला असेल तर कॉम्प्रेसर झिजल्याचा संशय. आणि दोन्ही चढलेले असतील तर कंडेन्सर बुजला आहे, त्याचा पंखा बंद आहे, किंवा गॅस प्रमाणाबाहेर भरला गेला आहे. या शेवटल्या स्थितींत आणखी गॅस भरल्यास उलट अपायच होतो. गॅस किती भरावा याचें वजन बहुधा बॉनेटखालील पट्टीवर छापलेलें असतें. तो काट्यावर तोलून भरावा, अंदाजानें नव्हे.

गळती न शोधण्यांत आणखी एक तोटा आहे. आर-१३४ए वातावरणांत गेला म्हणजे शंभर वर्षांच्या मानानें, तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० पट उष्णता कोंडून ठेवतो. असे वायू क्रमाक्रमानें कमी करण्याचा करार २०१६ सालीं किगाली येथें झाला, व भारतानें त्यास २०२१ सालीं मान्यता दिली. ऋतुमानावर ज्याचें पोट आहे, त्यानें तरी ही हानि क्षुल्लक मानूं नये.

आतां विजेच्या दोषांकडे वळूं. पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचत नसेल, तर आपण विहिरीपासून एकेक दारें पाहत जातों. विजेचाही शोध असाच घ्यावा: बॅटरी, फ्यूज, रिले, स्विचची आंतली बाजू, बाहेरली बाजू, मोटर, आणि शेवटीं अर्थची तार. जेथपर्यंत वीज येते व जेथून पुढें जात नाहीं, त्या दोहोंमध्यें दोष असतो. ब्लोअर केवळ सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल, तर साध्या एसीच्या गाडींत रेझिस्टर जळाल्याचा संशय घ्यावा; स्विच वा मोटर बदलण्याची घाई करूं नये. मागच्या दाराची कांच तेथील बटणानें चालते व चालकाच्या बटणानें चालत नाहीं, तर मोटर निर्दोष आहे. दोन्हींनीं चालत नसेल, तर दाराच्या बिजागरीजवळील रबरी नळी उघडून पाहावी. दाराच्या उघडझांपेनें तेथें तार तुटते. आणि गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हें सांगावयास नकोच.

स्विचमध्यें वीज ‘जाते’ एवढ्यानें तो चांगला ठरत नाहीं. समजा, ब्लोअर २० अँपिअर वीज घेत आहे, आणि ती वाहणाऱ्या स्विचच्या काळवंडलेल्या टोकांत एक दशांश ओहम रोध उत्पन्न झाला आहे. तेथें २ व्होल्टची घट होऊन ४० वॅट उष्णता निर्माण होते, व प्लास्टिक वितळूं लागतें. म्हणून भार चालू असतांना मल्टिमीटर स्विचच्या दोन्ही टोकांस लावून ही घट मोजली पाहिजे. मात्र एअरबॅगच्या पिवळ्या आवरणाच्या तारांस कोणीही हात लावूं नये.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागीं ३० अँपिअरचा हिरवा बसविणें, किंवा तेथें तांब्याची तार गुंडाळणें, याचा आम्ही तीव्र निषेध करतों. फ्यूज उडणें हा रोग नव्हे, तो इशारा आहे. तो दाबल्यास फ्यूजऐवजीं तार जळते, आणि त्या वेळीं गाडींत लेंकरें बसलेलीं असतात.

येथें सर्व दोष मेस्त्रीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. अर्धा दिवस खपून त्यानें सैल झालेली अर्थची तार शोधून काढली, तर ‘नुसती तार आवळण्याचे एवढे पैसे?’ असें विचारणारे आपणच. आणि नवा सुटा भाग बसविला कीं मुकाट्यानें पैसे मोजणारेही आपणच. ज्ञानास मोल न देणाऱ्या गिऱ्हाइकास शेवटीं सामानच विकत मिळतें.

तेव्हां आमच्या सूचना तीन आहेत. निदानाची मजुरी दुरुस्तीहून वेगळी ठरवावी व ती आनंदानें द्यावी. बिलावर दुरुस्तीपूर्वींचे व नंतरचे दोन्ही दाब किंवा व्होल्ट लिहून मागावेत, आणि काढलेला जुना भाग परत घ्यावा. तसेंच तालुक्याच्या शेतकरी संस्थांनीं प्रेशर गेज, मल्टिमीटर व स्कॅनर हीं साधनें सामाईक घेऊन, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकलेल्या गांवच्या तरुणांच्या हातीं तीं द्यावीत. स्कॅनरचा संकेत कोणत्या मंडलांत बिघाड आहे एवढेंच सांगतो, कोणता भाग टाकावा हें सांगत नाहीं, हेंही त्यांस शिकवावें. माती तपासून खत घालण्याची रीत आपण हळूहळू अंगीं बाणवीत आहोंत. तीच रीत गाडीस लावली तर कष्टाचा पैसा वांचेल, आणि रोग्यास घेऊन निघालेली गाडी वाटेंत थांबण्याचें भयही कमी होईल.