दिव्याखालचा अंधार आणि भिशीची वही

मागच्या रविवारी आमच्या भिवपुरीच्या भिशीत चिठ्ठी निघाली, चहा-पोहे झाले आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका सुनेने हळूच विचारले, "काकू, आता बँका आहेत की. मग हे दहाजणींचे पैसे गोळा करायचं खूळ कशाला?" मला चटकन उत्तर सुचेना. तेवढ्यात वळवाचा पाऊस कोसळला नि दिवे गेले. "पॉवरहाउसच्या गावात अंधार!" म्हणून हसू पिकले. पण मैत्रिणींनो, तिला द्यायचे उत्तर मला त्या अंधारातच सापडले.

आपल्या भिवपुरीचे पॉवरहाउस 1922 सालचे. खोपोलीचे त्याच्याही आधीचे, 1915 चे. वर मावळात ठोकरवाडीचे धरण. तिथले पाणी डोंगराच्या पोटातून खाली आणायचे नि त्यावर झालेली वीज मुंबईला धाडायची, ती मुख्यतः कापडगिरण्या चालवायला. गिरण्यांना जशी वीज हवी, तशी माणसेही हवीत. ती कोकणातून, घाटावरून गेली आणि लालबाग, परळ, वरळी, नायगाव मिळून गिरणगाव झाले. सरकारने 1920 नंतर बी.डी.डी. चाळी बांधल्या. एकेक खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. कित्येक खोल्यांत एकाच गावचे पुष्कळ पुरुष राहत, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपत. बायको गावी शेती सांभाळायला!

या पुरुषांना जेवू कोण घालत होते? खानावळवाली! कुणी विधवा, कुणाच्या नवऱ्याचा पगार अपुरा. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या नि पहिल्या पाळीचा डबा भरायचा. गडी पैसे देणार महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी नि सावकाराचे व्याज. बँकेत जावे तर विचारणार, तारण काय? बाईजवळ तारण काय असणार, पोळपाट-लाटणे!

गिरणगाव म्हटले की शाहिरांची कलापथके, भजनी मंडळे, लालबागचा गणपती आठवतो. पण 1974 च्या संपात पगार थांबला, तेव्हा या बायांनी उधारीवर जेवू घातले, हे किती जणांना ठाऊक आहे? ते पाहूनच प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बायांनी गट केले, एकमेकींना जामीन राहिल्या नि बँकेचे कर्ज मिळवले. शब्दाचे तारण म्हणतात ते हेच. पुढे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि अनेक घरांत बाईच्या पोळीभाजीच्या डब्यांवरच चूल पेटत राहिली.

असेच एक गाव पार आफ्रिकेत आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग हे सोन्याच्या खाणींचे शहर. गोऱ्या सरकारला काळ्या माणसांचे कष्ट हवे होते, शेजार नको होता. म्हणून त्यांची वस्ती शहराबाहेर नैर्ऋत्येला केली. 1963 साली तिला सोवेटो हे नाव मिळाले. घरे सारखी, काड्यापेटीसारखी. तिथल्या ऑरलँडो भागात 1942 पासून मोठे वीजघर होते. तरी तिथल्या बहुतेक घरांत पुढे कित्येक वर्षे कोळशाची शेगडी नि मेणबत्ती! दिव्याखाली अंधार तो हाच. इथल्याच शाळकरी पोरांनी 16 जून 1976 ला लादलेल्या भाषेविरुद्ध मोर्चा काढला आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या.

गोऱ्यांची धुणीभांडी करणाऱ्या तिथल्या बायांनी काय करावे? महिन्याला ठरावीक पैसे जमवायचे, पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम द्यायची, त्या दिवशी एकत्र जेवायचे, गाणी म्हणायची. नाव स्टोकफेल. आहे की नाही आपली भिशीच? आज तिथे बँका आहेत, तरी स्टोकफेल चालूच आहे. कारण बँक पैसे ठेवते. पण तुमच्याकडे आजारपण आले तर तुमचा नंबर आधी लावायला ती उठून येत नाही.

मात्र भिशी शब्दावर चालते, म्हणून चार गोष्टी पाळा. वही ठेवा नि दर वेळी सगळ्यांदेखत वाचा. घरखर्च भागवून उरेल तेवढाच हप्ता धरा. ज्यांच्या घरी चहा प्यायलात, अशाच बायांना घ्या. जादा व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या अनोळखी भिशीच्या वाटेलाही जाऊ नका. आणि नंबर लागला की रक्कम डब्यात न ठेवता स्वतःच्या नावे बँकेत टाका.

हे सगळे त्या सुनेला सांगेपर्यंत दिवे आले. ती म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यापासून माझं नाव लिहा." लिहिले!