रस्त्याचा हक्क आणि ट्रकवाला

आज आपल्या घरात जे शिजले त्यातले बहुतेक ट्रकमधून आले आहे. कांदा, डाळ, तेल, गॅसची टाकी, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलांच्या वह्या, सगळे. हे आणणारा माणूस आपल्याला एकाच ठिकाणी भेटतो, महामार्गावर. आणि तिथे आपल्याला तो अडथळा वाटतो. मागून हॉर्नवर हॉर्न, डोळ्यांत अप्पर लाइट, पुढे गेल्यावर खिडकीतून एक शिवी. त्याने आपल्यासाठी किती किलोमीटर तुडवले याचा विचारही मनात येत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक त्यांच्यावरच झाले. तेव्हा महामार्गावर आपण ट्रकवाल्याशी कसे वागतो, ही केवळ शिष्टाचाराची बाब राहत नाही. त्यात त्याचा जीव आहे आणि आपलाही.

आपण मुस्लिम म्हणून या प्रश्नाकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग ठरवला. रस्त्याला त्याचा हक्क द्या, असेही त्यांनी सांगितले आणि तो हक्क कोणता हेही समजावले: नजर खाली ठेवणे, कुणाला इजा न करणे, सलामला उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाईटापासून रोखणे. कुरआनने जकातच्या आठ हक्कदारांमध्ये प्रवाशाला, इब्नुस्सबीलला, स्थान दिले. प्रवासात चार रकअतींची नमाज दोन होते, रोजा पुढे ढकलता येतो. प्रवास हे कष्टाचे काम आहे आणि प्रवासी सवलतीचा व आधाराचा हक्कदार आहे, हे आपल्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वी मान्य केले. मग ज्याचे आयुष्यच प्रवासात जाते, त्या माणसाला आपण काय देतो?

आधी ट्रक समजून घेऊ, कारण आपल्या रागाचे निम्मे कारण अज्ञान आहे. मी इंजिनिअर आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. दहाचाकी ट्रकला मालासह साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वजनाची परवानगी असते. आपली लहान कार एक-सव्वा टनाची. दोन्ही एकाच वेगाने धावत असतील तर ट्रक थांबवण्यासाठी ब्रेकला वीसपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यात ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पेडल दाबल्यावर ती हवा मागच्या चाकांपर्यंत पोचायला आणखी क्षणभर जातो. म्हणून ट्रकवाला पुढच्या गाडीपासून जी जागा सोडून चालतो, ती त्याची थांबण्याची जागा असते. आपण तीच मोकळी पाहून कार आत घुसवतो आणि पुढे जाऊन ब्रेक मारतो.

दुसरी गोष्ट दिसण्याची. केबिन उंच असली तरी चालकाला सगळे दिसत नाही. नाकासमोर अगदी जवळ आलेली मोटारसायकल, डाव्या दाराखालची स्कूटी आणि मागे चिकटून चाललेली कार त्याच्या नजरेआड असते. साधा नियम लक्षात ठेवावा: त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. डावीकडे वळण्यासाठी लांब ट्रेलर आधी उजवीकडे झुकतो. ती जागा आपल्यासाठी मोकळी केलेली नसते. तिथे दुचाकी घालणारा मागच्या चाकांखाली सापडतो.

तिसरी गोष्ट घाटाची. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार वर्षानुवर्षे माणसे खातो आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात आणि ब्रेकची पकड जाते. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर सावकाश उतरवावी लागते. चार पैशांचे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे चालक आहेत आणि ते गुन्हा करतात, यात शंका नाही. पण जो नियमाने हळू उतरतो, त्याच्या मागे हॉर्न वाजवून त्याला घाई करणारे आपण कोण? घाटात हळू चालणारा ट्रक आपला जीव वाचवत असतो.

आता माणसाकडे येऊ. माझे खालू बावीस वर्षे ट्रकवर होते. सोलापूरहून चादरी आणि टॉवेल घेऊन ते कोलकात्यापर्यंत जात. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टींत अपघात थोडे आणि झोप फार. माल भरायला दिवस जायचा, उतरवायला दिवस जायचा, आणि मधला वेळ भरून काढायचा तो चालकाने रात्री जागून. ढाब्यावर चालकाची खाट बाहेर, कारवाल्याचे टेबल आत. एक वाक्य ते नेहमी म्हणत, रस्त्यावर आम्हाला गाडीच्या नंबरने हाक मारतात, नावाने कुणी नाही.

आज त्यात माझ्या क्षेत्रानेही भर घातली आहे. मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रक म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. ठिपका ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबला की सूचना वाजते आणि ऑफिसातून चालकाला फोन जातो. तो डुलकी आली म्हणून थांबला, पोट बिघडले म्हणून की नमाजसाठी, हे ठिपक्याला कळत नाही. थांबणे ही चूक मानणारी व्यवस्था आपण उभी केली आणि मग चालकाचा डोळा लागला म्हणून त्यालाच दोष देतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना माझे सांगणे आहे की सलग किती तास गाडी चालली, याचीही सूचना वाजू द्या. ती सहज करता येते. कुणी मागत नाही, एवढेच.

कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एक-दोन ट्रकांचा मालक आणि त्याचा चालक त्याबाहेरच राहिले. चालकाची केबिन वातानुकूलित असावी हा नियम यायला २०२३ साल उजाडले, आणि तोही २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांसाठी. मे महिन्यात इंजिनच्या बाजूला बसून बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसाला थंड हवा ही चैन वाटावी, इतकी त्याची किंमत आपण कमी लावली होती.

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवसांसाठी का होईना सगळ्यांना ट्रकवाला आठवला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. आंदोलनानंतर ती अमलात आणणे लांबणीवर पडले. त्याच दिवसांत मध्य प्रदेशातील शाजापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बैठकीत एका चालकाला ‘तुझी औकात काय’ असे विचारले. चित्रफीत पसरली आणि त्यांना पदावरून हलवण्यात आले. एका अधिकाऱ्याने ते तोंडाने विचारले, आपण ते रोज हॉर्नने विचारतो.

जखमीला सोडून पळणे अक्षम्य आहे. ज्याच्या घरचा माणूस रस्त्यावर तडफडून गेला, त्याला चालकाची अडचण सांगू नये. पण चालक पळतो का, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारायला हवा. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर अपवाद आहे. म्हणजे अपघातानंतर आपण चालकाला मारू, हे कायदा करणाऱ्यांनीही गृहीत धरले होते! चूक कुणाचीही असो, मोठ्या गाडीचा चालक मार खातो. आणि मार खाण्याच्या भीतीने जो पळतो, त्याच्यामागे जखमी माणूस पाणी मागत पडून राहतो. त्या मारहाणीची किंमत अखेर जखमी मोजतो.

गर्दी काय करते हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. महामार्गावर गाडी अडवून, चालकाचे नाव विचारून, त्याला मारल्याच्या घटना आपण पाहिल्या आहेत आणि त्यांविरुद्ध आवाजही उठवला आहे. तो आवाज खरा ठरायचा असेल, तर आपल्या मोहल्ल्यासमोर अपघात झाला आणि चालक परका, परप्रांतीय, परधर्मी असला, तेव्हाही त्याच्या अंगावर हात पडता कामा नये. आपल्यापैकी दोघांनी जखमीकडे धावावे, दोघांनी चालकाभोवती उभे राहावे आणि एकाने फोन लावावा. ११२ सर्वत्र, रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मदत करणाऱ्याला कलम १३४(अ) चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती मोहल्ल्यातल्या प्रत्येक तरुणाला असली पाहिजे.

आता आपल्या घरच्या गोष्टी. रमजानमध्ये इफ्तार गाठायला शेवटच्या अर्ध्या तासात आपल्या गाड्या कशा धावतात? टोलनाक्याजवळ थांबून खजूर आणि पाण्यावर रोजा सोडणे यात कमीपणा नाही. ईदच्या संध्याकाळी एका मोटारसायकलवर तिघे बसून महामार्गावर ट्रकला कट मारणारी मुले आपलीच असतात. लग्नाच्या गाड्या एकमेकींशी शर्यत लावतात, इज्तेमाला जाणारे टेम्पो माणसांनी लटकलेले असतात. हायवेवरून गावाच्या फाट्यावर वळायला एक किलोमीटर वाचावा म्हणून राँग साइडने येणारा माणूस समोरच्या ट्रकवाल्याला दोनच पर्याय देतो, मला उडव किंवा गाडी पलटी कर. दीनच्या कामाला निघालेल्याने रस्त्याचा हक्क मारला, तर ते काम कसले?

ट्रकवाल्यांच्याही चुका आहेत. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, दिवे न लावता रस्त्यात उभा ट्रक, दारू पिऊन चालवलेली गाडी. त्यावर कारवाई झालीच पाहिजे. उजवी लेन अडवून चालणे हीसुद्धा चूकच. पण कधी डाव्या लेनकडे पाहा. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतपासून टेंभुर्णीपर्यंत डाव्या बाजूला काय नसते? उभ्या गाड्या, राँग साइडच्या दुचाकी, फळांच्या हातगाड्या. ती लेन आपण मोकळी केली, तरच त्याने तीत चालावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.

कारवाल्याने करायचे फार नाही. ट्रकपासून तीन सेकंदांचे अंतर ठेवा. उजवीकडूनच पुढे जा, रेंगाळू नका, आणि पूर्ण ट्रक आतल्या आरशात दिसल्याशिवाय त्याच्या समोर येऊ नका. रात्री समोरून गाडी आली की डिप्पर द्या. चढावर त्याला थांबायला लावू नका, कारण भरलेला ट्रक चढावर पुन्हा उचलणे किती कठीण असते ते चालकालाच ठाऊक. त्याने साइड दिली तर हात वर करा. ढाब्यावर शेजारी बसला असेल तर सलाम किंवा नमस्कार करा, गाव विचारा.

शेवटची सूचना आपल्या चळवळीच्या शाखांना आहे. महामार्गालगत आपल्या कितीतरी मशिदी, मदरसे आणि दर्गे आहेत. तिथे नळ आहे, वजूखाना आहे, स्वच्छतागृह आहे, बऱ्याच ठिकाणी मोकळे आवारही आहे. त्याच्या फाटकावर मराठी, हिंदी आणि उर्दूत एक पाटी लावा: ट्रकचालकांसाठी पाणी, आंघोळ आणि दोन तास झोपायची सोय, धर्म विचारला जाणार नाही. वर्षातून एकदा तिथेच डोळे तपासणीचे शिबिर घ्या. जकात आणि सदक्याच्या पैशांतून कुठे काय खर्च करता येईल ते आपल्या उलमांना विचारून ठरवा. एका तालुक्यात एक अशी जागा उभी राहिली, तरी त्या रात्री पेंगत पुढे गेला असता असा एखादा चालक थांबेल. आणि समोरून येणाऱ्या गाडीत आपल्यापैकीच कुणाचे तरी कुटुंब असेल.