घरातल्या शुश्रूषेचे शास्त्र

विद्येला आश्रय मिळाला तरच ती मूळ धरते, हे बडोदे आणि म्हैसूर या संस्थानांनी फार लवकर ओळखले. सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या म्हैसूरने १९१६ मध्ये स्वतःचे विद्यापीठ उभारले आणि ब्रजेंद्रनाथ सील कुलगुरू असताना, १९२४ मध्ये, तेथे मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आलेले एम. व्ही. गोपालस्वामी त्याचे प्रमुख होते. याच प्राध्यापकांनी १९३५ मध्ये राहत्या घरातून नभोवाणी केंद्र चालवले. त्याचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाने स्वीकारले. मनाचा अभ्यास आणि लोकांच्या घरापर्यंत पोहोचण्याची ओढ त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. देशाच्या पुढच्या वाटचालीत ही दोन सूत्रे एकमेकांपासून सुटली.

म्हैसूर संस्थानातल्या बंगळूरच्या मनोरुग्णालयाच्या जोडीला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था झाली. ही कमाई मोठीच. पण दुसरा धागाही तितकाच जुना आहे. मुंबईच्या टाटा समाजकार्य शाळेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले, तेव्हा मुलाबरोबर त्याच्या घराचाही विचार होऊ लागला. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूत राहायला बोलावले आणि शुश्रूषेत सामील करून घेतले. ऐंशीच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मनोरुग्णांवर उपचार सुरू झाले. रुग्ण सावरतो तो अखेर घरात आणि गावात, हे दर पिढीला नव्याने उमगले. आणि दर पिढीत पैसा पुन्हा इमारत, औषध आणि तज्ज्ञ यांकडेच वळला. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या खासगी आश्रयगृहाला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून गेले, तो या विस्मरणाचा सर्वांत क्रूर हिशेब होता.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार बहुतेक मनोविकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांवाचून राहतात आणि औषध व प्रवास यांपायी कुटुंबाचे महिन्याला हजार-दीड हजार रुपये जातात. हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या पाड्यावरून मुलाला घेऊन म्हैसूरच्या के. आर. रुग्णालयात येणाऱ्या मजूर आईचा तो दिवसच बुडतो. घरी म्हातारी सासू आणि धाकटी पोर कोण सांभाळते, हे केसपेपरवर कुठेच येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला, पुनर्वसनगृहांची तरतूदही केली. तो हक्क घराघरांत कसा निभावतो, हे जाणण्यासाठी तीच कुटुंबे चार-पाच वर्षे पुन्हा पुन्हा गाठावी लागतात, आणि इतका अवधी पीएच.डी.च्या संशोधकाखेरीज फारसा कोणी देऊ शकत नाही.

त्याचे पोट मात्र भरले पाहिजे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपये. ती हुकली तर केंद्रीय विद्यापीठात आठ हजारांची वृत्ती, आणि राज्य विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला तीही नाही. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री या आवारात मानसशास्त्र आणि समाजकार्य हे दोन्ही विभाग आहेत. या विद्यापीठाने आणि कर्नाटक सरकारने मनोरुग्णांच्या कौटुंबिक शुश्रूषेसाठी पाच वर्षांच्या, पुऱ्या वेतनाच्या संशोधनवृत्त्या येत्या अर्थसंकल्पातच जाहीर कराव्यात आणि त्यांत कन्नडबरोबर आदिवासी बोली जाणणाऱ्या मुलामुलींना पहिला मान द्यावा.