चौथ्या महिन्याची रजा

या आठवड्यात चार वेळा मी रात्री पावणेतीनला टक्क जागा होतो. प्रॉडक्शन सर्व्हर बिचारा छान चालू होता, आमचं कन्यारत्न उठलं होतं. लेक आता नऊ महिन्यांची आहे. पाळण्याचा कठडा धरून उभं राहायला शिकलीय आणि ही कला रात्रीच सगळ्यात चांगली जमते असं तिचं मत दिसतं. उभी राहते. मग लक्षात येतं की खाली बसायचं कसं ते अजून येत नाही. मग भोकांड!

याला हल्ली सगळे 'स्लीप रिग्रेशन' म्हणतात. आमच्या धंद्यात रिग्रेशन म्हणजे काल नीट चाललेलं आज नवीन कोड टाकल्यावर बिघडणं. पोराच्या बाबतीत हा शब्द तसा फसवा आहे, कारण बिघडलेलं काहीच नसतं. नवजात बाळाची झोप दोनच प्रकारची असते, चुळबुळती आणि शांत. तीन-चार महिन्यांच्या सुमाराला ती मोठ्यांसारखी टप्प्याटप्प्याची व्हायला लागते. आपलं झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं, बाळाचं पाऊण ते एक तासाचं. चक्र संपलं की आपणही किंचित जागे होतो, कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळाला ते कूस बदलून परत झोपणं अजून यायचं असतं, म्हणून ते हाक मारतं. आठ-दहा महिन्यांना रांगणं, उभं राहणं आणि आई दिसेनाशी झाली तरी कुठेतरी आहे हे कळणं, सगळं एकदम येतं. दीड-दोन वर्षांना पुन्हा काहीतरी नवीन. अमुक महिन्याला होणारच असं वेळापत्रक मात्र नसतं, काही पोरं यातलं काहीच करत नाहीत. (त्यांच्या आईबापांनी हे आमच्यासारख्यांना सांगू नये, ही विनंती.)

तर मुद्दा असा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटीभरण झालं आणि बायको कराडला गेली. बाळ झालं तेव्हा मी पाच दिवसांची पितृत्व रजा काढून गेलो. त्या पाच दिवसांत मी काय दिवे लावले? पेढे वाटले, जन्मदाखल्याचा फॉर्म भरला, आणि सासूबाईंनी वाढलेलं जेवलो. शेकशेगडी, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी, डिंकाचे लाडू, सगळी यंत्रणा तिथे तयार होती आणि तिच्यात जावयाला काम नव्हतं. रात्री बाळ रडलं तर उठणाऱ्या तीन बायका, आणि मी पाहुण्यांच्या खोलीत.

साडेतीन महिन्यांनी मायलेकी कोल्हापूरला आल्या. आठ-दहा दिवसांत, रात्री सलग पाच तास झोपणारी पोर दर तासाला उठायला लागली. आई म्हणाली, "दृष्ट लागली गं बाई." शेजारच्या काकू म्हणाल्या, जागा बदलली की होतंय असं. मीठ-मोहऱ्या झाल्या, डॉक्टरांनी कान-पोट बघितलं, वजन केलं आणि म्हणाले सगळं ठीक आहे, जातील दिवस. बायकोला मात्र वाटत राहिलं की माहेरी सगळं ठीक होतं, म्हणजे आपणच काहीतरी चुकतोय. तारखा मांडल्या तर दिसतं की माहेरची फौज सुटण्याचा मुहूर्त आणि झोप उलटीपालटी होण्याचा मुहूर्त जवळजवळ एकच आहे. बाप कामाला येऊ शकतो तो नेमका तेव्हा, आणि तेव्हा त्याची रजा संपून तीन महिने झालेले असतात.

मी त्या दिवसांत शेजारच्या खोलीत झोपत होतो. सकाळी मीटिंग असते हे कारण. एका पहाटे पाणी प्यायला उठलो तर बायको सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेली आणि लेक तिच्या मांडीवरून घसरून सोफ्याच्या पाठीच्या फटीत गेलेली. नाक उशीत. मी उचलली, दोन क्षण काही नाही, मग जोरात रडली. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही. नंतर वाचलं की बाळाला घेऊन सोफ्यावर झोप लागणं हे सगळ्यात धोक्याचं, पलंगाहूनही. बायको ते मुद्दाम करत नव्हती. तिला पंधरा दिवस झोप नव्हती, एवढंच.

दमलेल्या आयांचा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पोराला 'बाळागोळी' देऊन कामावर जात. तिच्यात अफू असे. १९३१ च्या व्हिटली कमिशनच्या अहवालात ही गोष्ट नोंदलेली आहे. त्या आयांना दुष्ट म्हणणं सोपं आहे, पण पाळीला पोचायचं आणि पोर सांभाळायला कोणी नाही, तर बाई काय करील? मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली आणि १९२९ साली कायदा झाला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवडे झाली. चांगलंच झालं. पण बापाचं नाव त्यात नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, आणि गंमत म्हणजे ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येतात. सरकारी नियम खाजगी कंपनीपेक्षा शहाणा निघावा, हे मला आधी पटेना. आमच्या कंपनीत रजा जन्मापासून एका महिन्याच्या आत, नाहीतर गेली.

रडू द्या, आपोआप शिकेल, असं सांगणारेही भेटतात. अमेरिकेतल्या डॉ. फर्बर यांचं १९८५ चं पुस्तक त्यासाठी प्रसिद्ध आहे. ठराविक अंतराने आत जाऊन धीर द्यायचा, उचलायचं नाही. ज्यांना जमतं त्यांनी करावं. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, पलीकडे आईबाबा झोपलेले असताना, तिसऱ्या मिनिटाला बाबा दार ठोठावतात, "अरे, घे की पोरीला!" पद्धत तिथेच संपते. २०१० सालच्या एका सतरा देशांच्या अभ्यासात न्यूझीलंडची पोरं साडेसातला झोपतात आणि हाँगकाँगची दहानंतर, असं निघालं होतं. म्हणजे झोपेचं एकच बरोबर उत्तर नाही.

आम्ही शेवटी ऑन-कॉलसारख्या पाळ्या लावल्या. दहा ते दोन बायको, दोन ते सहा मी. माझ्या पाळीत भूक असेल तरच तिला उठवायचं. आणि दर वेळी भूक नसते, हे मला स्वतः चार रात्री उठल्यावर कळलं. थोपटलं, खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये दहा फेऱ्या मारल्या की बऱ्याचदा झोपते. लेक कमी उठते असं अजिबात नाही. बायको सलग चार तास झोपते, आणि आता तिची बँक सुरू झालीय, तिला तिथे दुसऱ्याचे पैसे मोजायचे असतात.

एचआरला मेल टाकला होता की पितृत्व रजा सहा महिन्यांत कधीही घेऊ द्या, दिवस वाढवू नका हवं तर. उत्तर आलं, पॉलिसीत बसत नाही. परवा पुन्हा टाकलाय. माझा उपयोग संपला, पण टीममधल्या एकाची बायको गेल्या महिन्यात माहेरी गेलीय. मार्चमध्ये परत येईल म्हणतो.